जावयाची धून

ठोक्याची बोटं जन्मात कधी स्वस्थ बसली नाहीत. जेवताना ताटावर, रांगेत उभा असला तर खिशातल्या चाव्यांवर, दवाखान्यात डॉक्टर छाती तपासत असले तर त्यांच्याच टेबलावर. म्हणून ठोक्या. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे केस बरेचसे कायमच्या रजेवर गेले, तरी बोटांचं आपलं चालूच. आणि संगीतकार म्हणावं, तर वीस वर्षं त्याने जे केलं त्याला संगीत म्हणायला तो स्वतःच कचरायचा. फरशी पुसायचं औषध, डोकेदुखीची गोळी, पाय न दुखवणारी चप्पल. पंधरा सेकंदांत ग्राहक हसला पाहिजे आणि सोळाव्या सेकंदाला दुकानात पोचला पाहिजे, असलं ते काम.

अशा माणसाला सिनेमा मिळाला. चांगला सव्वादोन तासांचा, आणि कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. दिग्दर्शक वयाने लहान पण नाव झालेला. फरशीच्या औषधाची जाहिरात ऐकून त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, "दादा, त्या बादलीमागे जी क्लॅरिनेट वाजते ना, तसलं काहीतरी मिश्कील मला माझ्या गुन्हेगारासाठी हवंय."

गुन्हेगार म्हणजे जावई. हे नाव त्याला वर्तमानपत्रांनी दिलेलं. वीस वर्षांपूर्वी हा गृहस्थ बँका लुटायचा, पैशांच्या गाड्या लुटायचा, पण थाट असा की बघत राहावं. कडक इस्त्री, चकचकीत बूट. आत शिरला की सगळ्यांची विचारपूस, मग साहेबाच्या खुर्चीत बसून गार पाणी मागायचा, आणि पाणी पिऊन झालं की पिस्तूल काढायचा. लोकांना काय, कौतुकच! ज्याचं गेलं त्याचं गेलं, बाकीचे पानभर बातम्या चवीने वाचत होते. पुढे पकडला गेला, तुरुंगात आजारपणाने मेला, आणि आता त्याच्यावर सिनेमा निघत होता. खराखुरा जीवनपट, कोर्टाच्या कागदांवरून लिहिलेला.

या जावयाने आयुष्यात एकच माणूस मारला. पैशांच्या गाडीचा ड्रायव्हर. आणि तो ड्रायव्हर म्हणजे ठोक्याचे भावोजी, त्याच्या सख्ख्या ताईचा नवरा.

कुणीही विचारेल, मग बाबा रे, घेतलास कशाला हा सिनेमा? ठोक्याने स्वतःलाही विचारलं होतं, आणि स्वतःच्याच तोंडावर उत्तरं फेकली होती. मी नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल. माझ्या हातात असलेला बरा, निदान भावोजींचा मान तरी राखीन. ही सगळी उत्तरं शहाणी होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच की फरशी पुसून पुसून त्याचा जीव विटला होता.

तोही कुणाच्या जिवावर संगीतकार झाला होता? आईवडील गेल्यावर ताईने आणि भावोजींनीच त्याला लहानाचा मोठा केला. पहिला कीबोर्ड भावोजींनी आणला, खांद्यावर टाकून चालत, कारण एवढं धूड बसमध्ये कुणी घेईना. शेजाऱ्यांनी कटकट केली तर दारात उभे राहून म्हणायचे, "वाजवू द्या हो, चोरी तर करत नाही ना!" असा माणूस. आणि त्याच्या खुन्याला मिश्कील क्लॅरिनेट द्यायला हा निघालेला.

ताईला त्याने सांगितलं, बापलेकांच्या भांडणाचा सिनेमा आहे. ताई म्हणाली, "चांगलं झालं. देवाने एकदाचे कान उघडले कुणाचे तरी." आणि मशीन चालवायला लागली. ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि कापडाचे गठ्ठे, आतल्या खोलीत ठोक्याचं रेकॉर्डिंग. मध्ये तिनेच शिवलेला चौपदरी जाड पडदा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. लग्न ठोक्याचं राहूनच गेलं होतं, ताईला मूल नव्हतं, तेव्हा दोघांचा संसार त्या पडद्याच्या अल्याड-पल्याड.

धून एका दुपारी झाली, आणि खरं सांगायचं तर चेष्टेत झाली. जावई आरशासमोर बुटांना लकाकी आणतोय, असा एक तुकडा दिग्दर्शकाने पाठवला होता. ठोक्याने क्लॅरिनेटची एक तिरकी ओळ बसवली, खाली जाड तारेची चार पावलं, म्हणजे चालीसारखे चार ठोके, आणि चौथ्या पावलानंतर एक चुटकी. चुटकीसाठी कुठे माणूस शोधणार? स्वतःचीच वाजवली, माइकसमोर हात धरून. आणि काय सांगावं, माणूस उभा राहिला! लफंगा, देखणा, दारातून आत येताना जरा मान वाकवणारा. वीस वर्षांत पहिल्यांदा ठोक्याला आपलं काम आवडलं. मग आवडल्याची लाज वाटली. मग पुन्हा एकदा ऐकली, आणि पुन्हा आवडली. तिकडून दिग्दर्शकाचा घोषा चाललेलाच, "कच्चं असलं तरी पाठवा, दादा." यानेही कच्चीच पाठवून दिली.

तिथेच घात झाला. या धंद्याची एक खोड आहे. संकलन चालू असताना, म्हणजे चित्राचे तुकडे कापून जोडत असताना, मुकं चित्र बघवत नाही म्हणून खाली कसलं तरी संगीत लावून ठेवतात. त्याला म्हणतात तात्पुरतं. खरं संगीत मागाहून यायचं असतं. पण महिनोन्‌महिने तेच ऐकून सगळ्यांचे कान त्यावर बसतात, आणि मग मागाहून तुम्ही प्रत्यक्ष गंधर्व आणून गाववलात तरी सगळे म्हणतात, छान आहे, पण आधीचं बरं होतं. हे ठोक्याला माहीत नव्हतं असं नाही. जाहिरातींत त्याने दहा वेळा यावर डोकं आपटलं होतं. तरी पाठवली, कारण कौतुक ऐकायची घाई झाली होती.

संकलन करणाऱ्या बाईंना सगळे कात्री म्हणत. हुशार बाई, पण हातात ती धून पडल्यावर कुठे लावू आणि कुठे नको असं झालं तिला. जावई जिना चढतोय, धून. जावई केस विंचरतोय, धून. आणि सीन सत्तेचाळीस, जिथे ड्रायव्हर मरतो, तिथेही धून. नुसती खाली लावली असती तर उचलून टाकता आली असती. बाईने चित्रच तिच्या ठेक्यावर कापलं. पहिल्या पावलाला पिस्तूल वर येतं, तिसऱ्याला गोळी, चौथ्याला ड्रायव्हर गाडीच्या चाकाशी कोसळतो, आणि मग चुटकी.

भावोजी पडतात, आणि ठोक्याच्याच बोटांची चुटकी वाजते.

त्याने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला. पण बोलला का? नाही. मूग गिळून बसला. तात्पुरतं आहे, म्हणाला मनात, बदलू मागाहून. आठ महिने तो त्या सीनवर काम करत राहिला, कागदावर मात्रा मोजत. पडल्यानंतर ड्रायव्हर बराच वेळ चाकाशी दिसतो, एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढ्यात धून कितीदा बसते, क्लॅरिनेट कुठे मंद करायची, असला सगळा हिशोब. त्या वेळात पडद्यावर माणूस काय करतोय, याकडे नजर जाऊनही जात नव्हती.

मग पन्नास-साठ परक्या माणसांना बोलावून सिनेमा दाखवला. त्यांना आवडतंय का बघायला. ठोक्या मागच्या रांगेत, मांडीवर दोन्ही हातांची बोटं तुटून पडल्यासारखी चाललेली. सीन सत्तेचाळीस आला. पिस्तूल, गोळी, चाक, चुटकी. आणि सभागृहात हशा पिकला. पुढच्या एका पोराने चुटकीवर चुटकी मारली. कुणीतरी टाळी वाजवली, तिला दुसरी मिळाली, आणि भावोजी जमिनीवर असताना लोकांनी जावयाला टाळ्या दिल्या. ठोक्या उठला तो थेट बाहेर, नळाखाली डोकं धरून उभा राहिला. सदरा चिंब झाला. सिनेमा सुटल्यावर दिग्दर्शकाने त्याला तसाच मिठीत घेतला. "दादा, धून गाजणार बघा! लोकं गुणगुणत बाहेर पडली!"

लोकांचं जाऊ द्या. ठोक्या घरी आला, चपला काढतोय, तर पुढच्या खोलीत मशीनच्या तालावर ताई गुणगुणत होती. तीच. तिरकी ओळ, चार पावलं, आणि चुटकीच्या जागी हातातल्या कात्रीचा कट्‌ आवाज.

"कुठलं रे हे?" ताईने मान वर न करता विचारलं. "इतके महिने ऐकतेय पडद्याआडून. एवढं छान कधी केलं नव्हतंस तू. पाय आपोआप चालतो माझा. आज दोन पडदे जास्त झाले."

ठोक्या म्हणाला, डोकं दुखतंय. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी त्याला कळलं. बाहेर ताईचं गाणं चालूच होतं. थांबव म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संकलनाच्या खोलीत गेला तोच तणतणत.

"सत्तेचाळीसमधली धून काढ."

दिग्दर्शक हसला. "दादा, कालच्या टाळ्या ऐकल्यात ना?"

"ऐकल्या म्हणूनच सांगतोय."

"अहो, कापलंय तसं मी," कात्री म्हणाली. "धून काढलीत तर सीन मरेल."

"माणूस मरतोय तिथे! सीनचं काय घेऊन बसलीस?"

ठोक्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो पुढे बोलला तेव्हा शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. "तो ड्रायव्हर माझे भावोजी होते. माझ्या ताईचे मिस्टर. मला त्यांनी वाढवलं. काढ ती."

दिग्दर्शकाने हातातला कप खाली ठेवला. "आणि हे तुम्ही आता सांगताय? आठ महिन्यांनी?"

"काम हवं होतं," ठोक्या म्हणाला. आठ महिन्यांत त्याने केलेलं हे पहिलं खरं विधान.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. कपाळ चोळत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ठीक आहे. तिथे संगीतच नको. कानसेनकडे देऊ, बघू तो काय करतो."

कानसेन म्हणजे सिनेमातले आवाज करणारा. साठीचा, बुटका, स्वभावाने कोरडा. पावलांचे आवाज, दारांचे, कपड्यांच्या सळसळीचे, सगळं तो आपल्या खोलीत बसून करायचा. वाळूच्या परातीत बूट, जुन्या गाडीचं दार, पोतडीभर किल्ल्या. चार दिवस त्याने दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि सीन सत्तेचाळीस लावला.

गोळी आता ठेक्यावर नव्हती. ती मध्येच आली, वेडीवाकडी, आणि जावयाची पावलं पळत लांब गेली. मग उरलं ते एवढंच: चालू इंजिन. गाडीच्या दिव्याची टक टक. चाकाला टेकलेल्या माणसाचा श्वास, ओला, अडकत येणारा. टाच वाळूत घासते, पुन्हा घासते. मग तो माणूस उघड्या दारातून हात वर घालतो, चाचपडतो, आणि किल्ली काढतो. इंजिन बंद होतं. आता श्वास नुसता. मुठीत किल्ल्या किणकिणतात. श्वासांमधलं अंतर वाढत जातं. फार लांबून सायरन. मग काहीच नाही.

कात्री पदराने डोळे पुसत होती. दिग्दर्शक म्हणाला, "बस. हाच सीन. आता याला कुणीही हात लावायचा नाही." आणि सगळे ठोक्याकडे असे बघायला लागले, जसा काही तो मोठा माणूस होता, आपलीच धून आपल्या हाताने काढून टाकणारा.

ठोक्या मात्र उठून कानसेनच्या टेबलापाशी गेला होता. "एवढा वेळ जिवंत?" त्याने कानसेनला विचारलं. "एवढा वेळ कुठून आणलात?"

"मी कुठून आणणार? कागदात आहे. समोरच्या गोदामाच्या पहारेकऱ्याचा जबाब. तो शटरआड लपून बघत होता, भीतीने बाहेर आला नाही. ड्रायव्हर अकरा मिनिटं जिवंत होता म्हणतो. किल्ली मुठीत सापडली."

अकरा मिनिटं! एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीचे साहेब घरी आले होते. ताईसमोर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले होते, "जागच्या जागी गेले, बाई. काही कळलंच नाही त्यांना." त्या एका वाक्यावर ताईने एकोणीस वर्षं काढली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. निदान त्रास नाही झाला यांना. काही कळलंच नाही. हे म्हणून झालं की ती उठून चहा टाकायची. ते वाक्य नसतं तर ती उठू शकली असती की नाही कोण जाणे.

आता करायचं काय? धून ठेवली असती तर भावोजींच्या मरणाचा तमाशा. काढली, तर ताईच्या हातातलं ते एक वाक्य हिसकावून घ्यायचं. आणि काढायचा हट्ट कुणाचा? याचाच! ठोक्याने दिग्दर्शकाचे पाय धरायचे बाकी ठेवले. वीस सेकंद ठेव, म्हणाला. श्वास तरी काढ. दिग्दर्शक ऐकेना. "दादा, आता नाही. तुम्हीच मागितलंत. आणि खरं सांगू? या सिनेमात एवढाच सीन खरा आहे."

पंधरा दिवस ठोक्याला अन्न गोड लागलं नाही. रस्त्यावर जाहिराती लागणार होत्या, जावयाचा फोटो गावभर होणार होता. ताईला बाहेरून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, हे कळत होतं, पण ओठांपर्यंत आलेला शब्द परत फिरत होता. शेवटी एका सकाळी ती मशीनमध्ये दोरा ओवत असताना त्याने एका दमात सांगून टाकलं. सिनेमा बापलेकांचा नाही, जावयाचा आहे. भावोजी त्यात आहेत.

दोरा सुईत गेला. ताईने तो ओढून घेतला, गाठ मारली. "आणि ते गाणं?"

"त्याचंच."

ती रडली असती, ओरडली असती, दोन लगावल्या असत्या तर ठोक्याने आनंदाने गाल पुढे केला असता. दोन दिवस तिने मशीनला हात लावला नाही. जेवण करून झाकून ठेवायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभी राहिली. "चल. दाखव मला."

"ताई, नको."

"तू गाणी लावलीस त्याला. मी बघायचंही नाही?"

अकरा मिनिटांचं त्याने तरीही सांगितलं नाही. वाटेत कोपऱ्यावर थांबून त्याने चोरून कानसेनला फोन केला. "धुनेची प्रत आहे ना अजून? तुमच्या आवाजांवर तीच लावा. माझ्या ताईला तीच दाखवा. हात जोडतो." स्वतःच्याच धुनेला शिव्या घालणारा माणूस, आता तिच्याच आड ताईला लपवायला निघाला होता.

आवाज जुळवायची खोली थंड आणि अंधारी होती. समोर पडदा, मागे टेबलभर बटणं आणि त्यांच्यामागे कानसेन. ताई मधल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. ठोक्या तिच्या मागे उभा. सीन सुरू झाला. गाडी आली, ड्रायव्हर उतरला. नट भावोजींसारखा मुळीच दिसत नव्हता, तरी ताईने पर्स घट्ट धरली. क्लॅरिनेट वाजली. पिस्तूल, गोळी, चाक, चुटकी.

"बंद करा ते," ताई म्हणाली.

चित्र थांबलं.

"चित्र नाही. गाणं बंद करा. माणूस पडलाय तिथे आणि वाजवताय काय?" मागे वळून न बघता ती म्हणाली, "याच्याखाली काहीतरी आहे. मघाशी श्वास ऐकला मी. तो ऐकवा."

"ताई, चल ना आपण..."

"तू गप्प बस."

कानसेनने ठोक्याकडे एकदा बघितलं आणि मग त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. त्याने धून खाली ओढली.

इंजिन. टक टक. श्वास. टाच. ताई जराही हलली नाही. पडद्यावरचा हात उघड्या दारातून वर गेला आणि किल्ली घेऊन खाली आला, तेव्हा तिच्या तोंडून बारीकसं "हं" निघालं. मग किणकिण, मग लांबत गेलेले श्वास, सायरन, आणि पडदा काळा झाला. कानसेनने दिवे लावले नाहीत.

"हे एवढा वेळ होते?" ताईने विचारलं.

ठोक्याने मागून कानसेनला हातानेच नको नको केलं.

"सिनेमात एक मिनिट चाळीस सेकंद आहे, बाई," कानसेन म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, त्याने तो धंदाच कधी केला नव्हता. "कागदात अकरा मिनिटं आहेत."

"अकरा. शुद्धीवर?"

"किल्ली काढली त्यांनी."

"काढणारच. गाडी चालू ठेवून उतरलेलं यांना कधी चाललं नाही." ती काळ्या पडद्याकडे बघत होती. "म्हणजे कळत होतं सगळं."

"ताई, मला पंधरा दिवसांपूर्वी समजलं. मी म्हटलं तुला कशाला..."

"गोदामाचा रस्ता आहे ना तो? आपल्या घरापासून चालत आठ मिनिटं." तिचा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा. "मी घरीच होते त्या दिवशी. सायरन ऐकला मी. म्हटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालेलं दिसतंय बिचाऱ्यांच्या. आणि शिवायला बसले."

ठोक्याला तो रस्ता माहीत होता, घर माहीत होतं, अकरा हा आकडाही माहीत होता. मात्रा मोजण्यात हयात गेली आणि एवढी साधी वजाबाकी त्याने कधी केली नव्हती. तो खाली बसला, तिच्या खुर्चीच्या मागे, जमिनीवरच.

"अहो," ताई कानसेनला म्हणाली, "पुन्हा लावा. गोळी नको. पडल्यापासून लावा."

"ताई, कशाला? पुरे ना आता."

"एक मिनिट चाळीस म्हणजे सात वेळा लावावं लागेल," पडद्याला कापड किती लागेल त्याचा हिशोब करावा तशी ती म्हणाली. "थोडं जास्तच होईल, होऊ दे. एकटेच होते ते तिथे."

कानसेनने लावलं. संपलं, पुन्हा लावलं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी ताईने पर्स खाली ठेवली. चौथ्या वेळी उठून पुढच्या रांगेत गेली. पाचव्या वेळी मागे ठोक्याचं रडू फुटलं, मोठ्याने, पोरासारखं, आणि तिने मागे न बघताच हात करून त्याला गप्प केलं, कारण श्वास ऐकू येत नव्हता. सहाव्या वेळी ती काहीतरी पुटपुटत होती.

सातव्यांदा चित्र सुरू झालं तेव्हा ती पडद्यापाशी गेली. चाकाला टेकलेला तो परका नट तिच्या दुप्पट मोठा दिसत होता. त्याच्या हाताशी, खाली फरशीवर, ती मांडी घालून बसली. हात उघड्या दारातून वर जायला लागला, तेव्हा तिने मान वर केली.

"राहू द्या हो ती किल्ली," ताई म्हणाली. "मी आलेय."